हातातून सुटलेले हत्यार

खंडेनवमीच्या दिवशी वेळापूरच्या शिवारातल्या कुठल्याही वस्तीवर एक दृश्य हमखास दिसते. कोयता, खुरपे, कुऱ्हाड, पहार, नांगराचा फाळ, सुताराचा वाकस, गवंड्याची थापी आणि शेजारी ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल, अशी घरातली सगळी साधने धुऊन-पुसून मांडलेली असतात. त्यांना हळदी-कुंकू लागते, झेंडूची फुले वाहिली जातात, आणि त्या दिवशी त्यांतले एकही कामाला लावायचे नसते. वेळापूरचा माळशिरस तालुका नीरेच्या उजव्या कालव्याचा आणि उसाचा. दसरा झाला की गाळपाचा हंगाम तोंडावर येतो, आणि ज्या कोयत्यावर पुढचे चार-पाच महिने कितीतरी घरे चालायची, तोच कोयता या दिवशी स्वस्थ पडून असतो. हे दृश्य इतके सवयीचे आहे की त्यातले कोडे सहसा जाणवत नाही. साधनाचा मान राखायचा तर त्याच्याकडून चांगले काम घ्यावे, असे कोणालाही वाटेल. मग मानाच्या दिवशीच त्याला हातावेगळे का ठेवायचे?

हेच कोडे फार दूर, फार पूर्वी, वेगळ्या रूपात सापडते. प्राचीन इजिप्तमध्ये ममी गुंडाळताना कापडाच्या पट्ट्यांच्या थरांत छोटे ताईत ठेवत. त्यांत देवदेवता, डोळे, भुंगे यांचे आकार पुष्कळ. पण काही ताईत चक्क गवंडी-सुतारांच्या हत्यारांचे आहेत. एक गवंड्याच्या गुण्याचा, म्हणजे काटकोन तपासायच्या साधनाचा. दुसरा ओळंबा लावलेल्या तिकोनी चौकटीचा. दोन्ही जेमतेम बोटाच्या पेराएवढे, गुळगुळीत घासलेले, बहुधा काळसर लोहखनिजाच्या दगडातून घडवलेले. एवढ्याशा गुण्याने कुठलीही भिंत तपासता येत नाही. जे हत्यार हत्यार म्हणून निरुपयोगी आहे, ते मेलेल्या माणसाचे रक्षण करील असे त्या लोकांना कशामुळे वाटले असेल?

दोन्ही ठिकाणांचा एकमेकांशी संबंध होता असे सुचवायचे नाही. नाईलकाठच्या कारागिराला वेळापूर ठाऊक नव्हते आणि इथल्या खंडेनवमीला इजिप्तकडून काही घ्यायची गरज नव्हती. पण दोन्हीकडे विचाराची चाल एकच दिसते, आणि ती उलगडली तर ताईत नावाची वस्तू मुळात कशी ‘चालते’ हे कळायला मदत होते. या लेखातले म्हणणे असे आहे : रोजचे साधन रक्षक होते ते हातातून सुटल्यावर. त्याचे काम करणे थांबते. पण ते काम काय होते, हे त्याच्या आकारात वाचता येत राहते. हेच शिल्लक राहिलेले काम माणूस अंगाला, उशाला किंवा उंबऱ्याला बांधतो.

ओळंबा काय करतो?

आधी हत्यार खरेखुरे कसे चालते ते पाहू. दोरीला वजन बांधून सोडले की ती सरळ पृथ्वीच्या ओढीच्या दिशेने लोंबते. तिला पक्षपात माहीत नाही. भिंत बांधणाऱ्याचा डोळा फसेल, हात कंटाळेल, पण ओळंब्याची दोरी खोटे बोलत नाही. इजिप्तच्या गवंड्यांनी याच दोरीपासून जमिनीची सपाटी तपासायचेही साधन केले होते. दोन सारख्या लांबीच्या फळ्या वर जोडून खाली फाकवायच्या, मध्ये एक आडवी पट्टी ठोकायची आणि शेंड्यावरून ओळंबा सोडायचा. दोरी आडव्या पट्टीच्या बरोबर मधल्या खुणेवर आली की पाया सपाट, इकडेतिकडे सरकली की तिरका. थीब्जच्या पश्चिमेला देर अल-मदीना नावाचे कारागिरांचे गाव होते. राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे लोक तिथे राहत. त्या गावातल्या सेन्नेजेम नावाच्या कारागिराचे थडगे १८८६ साली न फुटलेल्या अवस्थेत मिळाले. त्यात त्याचा गुण्या, सपाटी तपासायची चौकट आणि उभी भिंत तपासायचा ओळंबा अशी साधने होती. ती खरी, हातभर आकाराची आणि आजच्या गवंड्यालाही पाहताक्षणी ओळखू येतील अशी आहेत. इ.स.पू. तेराव्या शतकातली.

अशा साधनांचे मोल वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळात चांगले समजते. हे यादवकाळातले हेमाडपंती बांधणीचे देऊळ आहे आणि इथले शिलालेख राजा रामचंद्रदेवाच्या राजवटीतले आहेत. या बांधणीत घडवलेला दगड दगडावर बसतो. मधल्या चुन्याच्या जाड थरात चूक लपवायची सोय नाही. एक खांब केसभर कलला तर वरची तुळई, तिच्यावरचे छत, सगळ्यांवर तो कल चढत जातो. सातशे वर्षे उभ्या असलेल्या खांबाकडे पाहताना आपण शिल्पाचे कौतुक करतो; त्या खांबाला उभे ठेवणारी दोरी मात्र काम संपताच गुंडाळून ठेवली गेली, तिचे नाव कुठल्या लेखात नाही.

आता ताइतांकडे वळू. गुण्या आणि ओळंबा यांचे छोटे ताईत इजिप्तमध्ये विशेषतः उत्तरकाळात, म्हणजे इ.स.पू. ६६४ पासूनच्या सव्विसाव्या राजवंशापासून दिसू लागतात, आणि बरेचदा जोडीने दिसतात. अभ्यासकांनी त्यांचा अर्थ असा लावला आहे की गुण्या मृताला सरळपणा देतो आणि ओळंबा ढळणार नाही असा तोल देतो. हा अर्थ हवेतून आलेला नाही. इजिप्ती समजुतीप्रमाणे मेल्यानंतर माणसाचे हृदय तराजूत घालून ‘मात’ या सत्य आणि सुव्यवस्थेच्या देवतेच्या पिसाशी तोलले जाई. मृतांच्या ग्रंथाच्या १२५ व्या प्रकरणात हा न्यायाचा प्रसंग आहे. इ.स.पू. १२५० च्या सुमारास तयार झालेली आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली आनी नावाच्या लेखनिकाची पोथी यासाठी प्रसिद्ध आहे. अशा चित्रांत कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस देव तराजूजवळ बसून एक गोष्ट बारकाईने तपासत असतो, आणि ती गोष्ट म्हणजे तराजूच्या दांडीचा ओळंबा. म्हणजे ज्या क्षणी माणसाचा कायमचा निकाल लागायचा, त्या क्षणीही भरवसा होता तो गवंड्याच्या दोरीवर. मग ती दोरी अंगावर घेऊन त्या न्यायासनासमोर जावे असे वाटणे अगदी सुसंगत आहे.

आकार नव्हे, काम

ताइतांबद्दल नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण सारखेपणाचे आहे. जेम्स फ्रेझर यांनी १८९० साली ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथातून ते जगभर पोहोचवले : सारख्यातून सारखे उपजते अशी आदिम समजूत असते, म्हणून वस्तूची प्रतिकृती वस्तूसारखी वागेल असे माणूस मानतो. इजिप्ती ताइतांचे पहिले मोठे वर्गीकरण करणाऱ्या फ्लिंडर्स पेट्री यांनीही १९१४ च्या आपल्या पुस्तकात अडीचशेहून अधिक प्रकार नोंदवून त्यांचे पाच गट केले, आणि त्यांतला एक गट या सारखेपणावरच उभा केला. हे स्पष्टीकरण चुकीचे नाही, पण हत्यारांच्या बाबतीत ते अर्ध्या वाटेवर थांबते. सिंहाचा ताईत बांधला तर सिंहाचे बळ यावे, हे ठीक. गुण्याचा ताईत बांधल्याने माणूस गुण्यासारखा व्हावा अशी कोणाची इच्छा असणार? इच्छा आहे ती गुण्या जे करतो ते आपल्या बाबतीत व्हावे, अशी. सिंहाकडून गुण उसना घेतला जातो, हत्यारापासून क्रिया. व्याकरणात बोलायचे तर पहिला ताईत विशेषण आहे आणि दुसरा क्रियापद.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा डोके टेकायच्या आधाराचा आहे. इजिप्ती लोक आपल्यासारखी मऊ उशी न घेता लाकडाच्या किंवा दगडाच्या उंच आधारावर मान टेकवून झोपत. वर अर्धचंद्राकृती खोबण, खाली दांडा आणि बैठक. झोपेत डोके वर धरून ठेवणे एवढेच त्याचे काम. त्याचा छोटा ताईत ममीच्या मानेपाशी ठेवत, आणि मृतांच्या ग्रंथाचे १६६ वे प्रकरण त्याच्यासाठीच आहे : मृताचे डोके त्याच्यापासून हिरावले जाणार नाही, ते पुन्हा उचलले जाईल, असा त्याचा आशय. इजिप्तचा राजा तूतनखामेन याच्या मृत्यूचा काळ साधारण इ.स.पू. १३२३. त्याचे थडगे हॉवर्ड कार्टर यांना १९२२ साली सापडले आणि १९२५ मध्ये ममी उलगडली तेव्हा डोक्यापाशी असा एक छोटा आधार मिळाला, तोही लोखंडाचा. त्या पेराएवढ्या वस्तूवर मान टेकणे अशक्य होते. पण ती वस्तू ज्या एका क्रियेसाठी ओळखली जाई, ती क्रिया तिथे नेऊन ठेवणे शक्य होते.

दुसरा पुरावा त्याच थडग्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर रंगवलेला आहे. तूतनखामेननंतर गादीवर आलेला आय हा मृत राजाच्या ममीसमोर उभा आहे आणि त्याच्या हातात वाकस आहे. हा ‘तोंड उघडण्याचा’ विधी. मुळात तो मूर्तींसाठी होता. सुताराने वाकस चालवून लाकडातून ओठ मोकळे केले की मूर्तीला तोंड येते. म्हणून तोच वाकस ममीच्या तोंडाला नुसता टेकवला की मृतालाही बोलता-खाता येईल, अशी श्रद्धा. वाकस इथे काहीही तासत नाही, पण त्याने आयुष्यभर जे केले ते इथे कामी येते. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेत मूर्तीचे नेत्रोन्मीलन सोन्याच्या शलाकेने होते. पाथरवटाच्या छिन्नीने डोळा कोरून झालेला असतो. शलाका त्यावरून फक्त फिरते, दगडाचा कणही निघत नाही. कोरण्याची क्रिया पुन्हा एकदा, न कोरता केली जाते.

> चौकट : कोणते साधन, कोणते काम
>
> गुण्या (इजिप्त, ममीवर) : कोपरा काटकोनात आणणे. मृताची चाल सरळ ठरावी म्हणून.
>
> ओळंबा (इजिप्त, ममीवर) : ढळलेले दाखवणे, तोल धरणे. न्यायाच्या वेळी तोल जाऊ नये म्हणून.
>
> मान टेकायचा आधार (इजिप्त, मानेपाशी) : डोके उचलून धरणे. डोके धडापासून तुटू नये म्हणून.
>
> अंकुश आणि परशू (सांची, कोरीव मंगलमाळेत) : आवरणे आणि तोडणे.
>
> विळा (महाराष्ट्र, बाळंतिणीच्या उशाशी) : कापणे. येणारी बाधा तिथेच तुटावी म्हणून.
>
> वरवंटा (महाराष्ट्र, पाचवी आणि बारसे) : न झिजता वाटत राहणे. बाळाला तसेच टणक आयुष्य यावे म्हणून.

चौकटीतली सांचीची नोंद महत्त्वाची आहे, कारण हत्यार गळ्यात घालायची कल्पना भारतातही जुनी असल्याचे ती दाखवते. सांचीच्या मोठ्या स्तूपाची तोरणे इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपासची. त्यांवर मंगलचिन्हांच्या माळा कोरल्या आहेत आणि त्यांत कमळ, माशांची जोडी, श्रीवत्स यांच्या ओळीत अंकुश, परशू आणि आरसाही ओवलेला आहे. अंकुश म्हणजे माहुताचे अगदी साधे, एककामी हत्यार. हत्तीचे सगळे बळ तो एका टोकाने आवरतो. गळ्यातल्या अंकुशासमोर हत्ती नाही, पण आवरण्याची क्रिया आहे.

राखून ठेवलेले

आता मूळ कोड्याकडे. क्रिया हवी आहे, तर हत्यार बंद का करायचे? सोलापूर जिल्ह्यातल्या ज्वारीच्या शेतकऱ्याला याचे उत्तर सांगावे लागत नाही. मळणीच्या आधी तो भरगच्च, टपोरी कणसे निवडून बाजूला काढतो आणि त्यांचे दाणे बियाणे म्हणून राखतो. हे दाणे आणि कणगीतले दाणे एकाच ताटाचे, पण राखलेल्या दाण्याची भाकरी करायची नसते. दळला असता तर तो एका वेळच्या जेवणात संपला असता. राखला म्हणून त्याच्यातले उगवणे शाबूत राहिले. वापर थांबवणे म्हणजे तिथे शक्ती काढून घेणे नसते, ती खर्च होऊ न देणे असते. खंडेनवमीचा कोयता, नागपंचमीला न चालणारा नांगर आणि न चिरणारी विळी, पोळ्याला जू न चढवलेले बैल, या सगळ्यांमागे हीच राखण आहे. इजिप्तच्या कारागिराने तीच गोष्ट दुसऱ्या युक्तीने साधली : हत्यार इतके लहान केले की ते वापरणेच अशक्य व्हावे. आपण दिवस ठरवून हत्यार थांबवतो, त्यांनी आकार आटवून थांबवले.

इथे एक अवघड हरकत आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. इजिप्तच्या थडग्यांत लहान हत्यारे इतरही आहेत, आणि ती थांबवलेली नव्हेत, कामाचीच आहेत. परलोकातही शेतात राबावे लागेल या धास्तीने इजिप्ती लोक सोबत उशब्ती नावाच्या बाहुल्या नेत. मालकाला कामाला बोलावले की बाहुलीने ‘मी आहे’ म्हणून पुढे व्हायचे, असे मृतांच्या ग्रंथाचे सहावे प्रकरण सांगते. तूतनखामेनबरोबर अशा ४१३ बाहुल्या होत्या आणि त्यांच्यासाठी कुदळी, टोपल्या वगैरे १,८६६ छोटी अवजारे. लहान आकार म्हणजे थांबवलेले हत्यार, हा आपला तर्क मग इथे कोसळत नाही का? कोसळत नाही, उलट नेमका होतो. उशब्तीची कुदळ बाहुलीच्या मापाची आहे. ज्याच्यासाठी ती केली त्याच्या हाताला ती बरोबर बसते. ती हातातून सुटलेली नाही, फक्त हात लहान झाला आहे. ताइताच्या गुण्याला मात्र धरणारा हातच नाही. तो कापडाच्या थरात, छातीपाशी किंवा पोटापाशी, शरीराला चिकटून आहे. म्हणून ताईत ओळखायची खूण आकार ही नव्हे. हत्यार कोणाच्या हातात आहे की हात सोडून अंगाला लागले आहे, ही खरी खूण. जवळपास सारख्या मापाच्या दोन छोट्या वस्तू एकाच थडग्यात असतात. एक चाकरीची, दुसरी राखणीची.

लोखंडाचा प्रश्न

दुसरी हरकत जास्त ओळखीची आहे. हत्याराची कसली क्रिया घेऊन बसलात, रक्षण करते ते लोखंड, असे पुष्कळ जण म्हणतील. दारावर घोड्याची नाल लागते, बाळाच्या गादीखाली खिळा जातो, दोन्ही लोखंडी. इजिप्तमध्येही लोखंडाला मोठा मान होता. धातू गाळण्याची कला तिथे रुजण्याआधी त्यांना मिळणारे लोखंड प्रामुख्याने आकाशातून पडलेल्या उल्कांचे. तूतनखामेनच्या खंजिराचे पाते उल्केच्या लोखंडाचे असल्याचे २०१६ साली क्ष-किरणांच्या तपासणीतून दिसले. त्यात निकेलचे प्रमाण सुमारे ११ टक्के आहे, आणि खाणीतल्या लोखंडात ते इतके नसते. त्याच थडग्यात लाकडी मुठींच्या १६ छोट्या छिन्न्याही होत्या. त्यांची लोखंडी पाती इतकी पातळ की त्यांनी काही कोरणे शक्य नव्हते.

लोखंडाला स्वतःचा मान आहे हे मान्य केले पाहिजे. पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. घरात लोखंड पुष्कळ असते : तवा, कढई, उलथणे, पळी. बाळंतिणीच्या उशाशी कढई कोणी ठेवत नाही. जायचा तो विळा, कोयता, नाहीतर चाकू. म्हणजे लोखंडांतही निवड होते आणि ती क्रियेनुसार होते. कापणारे घेतले जाते, तळणारे नाही. उलट, पाचवीच्या पूजेत मध्यभागी असतो तो पाटा-वरवंटा दगडाचा. लग्नात घाणा भरताना ज्याला आंब्याची पाने बांधतात ते जाते दगडाचे आणि मुसळ लाकडाचे. सूप बांबूचे. सटवाईने बाळाचे भविष्य लिहावे म्हणून ठेवलेला कोरा कागद आणि लेखणी यांत तर लोखंडाचा प्रश्नच नाही. इजिप्तमध्येही मान टेकायच्या आधाराचे ताईत वेगवेगळ्या पदार्थांचे आहेत. साहित्य ताइताला जोर देते, पण ताईत काय करणार हे ठरवते ती साधनाची क्रिया.

कृतज्ञता आणि राखण

तिसरी हरकत खंडेनवमीच्या बाजूने येते. ज्या साधनावर पोट चालते त्याची कृतज्ञतेने पूजा केली, यात रक्षणाचे काय? हरकत रास्त आहे, कारण दोन भाव खरेच वेगळे आहेत आणि एकाच वस्तूत मिसळतात. ते सर्वांत जास्त मिसळतात ते लग्नातल्या देवकात. देवक म्हणजे कुळाची राखण करणारे चिन्ह. बहुतेक ठिकाणी ते झाडाची डहाळी किंवा पंचपल्लव असते. पण एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांत आणि पुढे एन्थोवेन यांच्या जातींवरच्या ग्रंथांत कारागीर समाजांच्या नोंदी वाचल्या तर देवक म्हणून धंद्याची हत्यारेही भेटतात. तिथे पोटाचे साधन हेच कुळाचे राखणदार आहे, आणि कृतज्ञता कुठे संपते, राखण कुठे सुरू होते, हे वेगळे काढता येत नाही.

तरीही फरक तपासायची एक चांगली कसोटी आपल्या घरांतच उपलब्ध आहे. खंडेनवमी नव्या साधनांना लगेच सामावून घेते. सोलापुरातल्या यंत्रमागाला हार पडतो, छापखान्यातल्या यंत्राला पडतो, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, संगणक यांनाही. मोबाइललासुद्धा कुंकवाचे बोट लागते. पाचवीच्या पूजेत मात्र पाट्या-वरवंट्याची जागा मिक्सरने घेतलेली नाही, जरी रोजच्या स्वयंपाकात ती केव्हाच घेतली आहे. ज्या घरात वर्षभर वरवंटा हलत नाही तिथेही त्या दिवशी तो माळ्यावरून उतरतो, नाहीतर शेजारून मागून आणतात. हा नुसता परंपरेचा हट्ट असता तर खंडेनवमीनेही ट्रॅक्टर नाकारला असता. कृतज्ञतेला एवढेच पुरते की साधनाने उपकार केला. तो त्याने कसा केला हे दिसायची गरज नाही. राखणीला क्रिया दिसावी लागते. वरवंट्याकडे पाहिले की वाटणे दिसते, विळ्याकडे पाहिले की कापणे. मिक्सरचे पाते झाकणाआड असते आणि बाहेरून तो नुसता डबा आहे. बारशाला वरवंट्याला कुंची घालून बाळाआधी पाळण्यात फिरवतात, तेव्हा त्याचा टणकपणा हाताला जाणवतो. याच कारणाने इजिप्ती ताइतांत गुण्या, ओळंबा, मानेचा आधार अशी एका नजरेत काम सांगणारी साधने आहेत.

मग रक्षण होते का?

ताईत कसा ‘चालतो’ हे समजावताना तो खरेच वाचवतो का, हा प्रश्न बाजूला ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल, विशेषतः बाळंतिणीच्या खोलीबद्दल बोलताना. पाचव्या-सहाव्या रात्रीची भीती निराधार नव्हती. नवजात बाळाला होणारा धनुर्वात जन्मानंतर साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत दिसतो, आणि बहुतेकदा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस. धडधाकट जन्मलेले बाळ अचानक दूध ओढेनासे होते, जबडा घट्ट मिटतो, अंग ताठरते. ज्या आयांनी आणि सुइणींनी पिढ्यान्पिढ्या हे पाहिले, त्यांनी त्या रात्री जागून काढायच्या ठरवल्या यात अडाणीपणा नाही; धोका नेमका कधी येतो हे त्यांनी अचूक टिपले होते. तो कुठून येतो, एवढे मात्र त्यांना दिसणे शक्य नव्हते. धनुर्वाताचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात आणि शेतातून आलेल्या विळ्या-खुरप्याच्या पात्यावरही. नाळ त्याच पात्याने कापली, किंवा कापलेल्या जागी राख अथवा शेण लावले, की ते थेट बाळाच्या शरीरात शिरत. म्हणजे उशाशी स्वस्थ पडलेला विळा निरुपद्रवी होता, आणि हातात घेतलेला तोच विळा घातक ठरू शकत होता.

या भीतीला उत्तर मिळाले ते वेगळ्या वाटेने. गरोदरपणात आईला धनुर्वाताची लस दिली की तिच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात आणि पहिल्या आठवड्यांत त्याचे संरक्षण करतात. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे पाते, नाळ बांधायला स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणे, हे पाच नियम सुइणींना शिकवले गेले. २००५ पासून जननी सुरक्षा योजनेमुळे दवाखान्यातली बाळंतपणे वाढली. मे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता आणि नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. इथे निर्मूलनाचा अर्थ असा की प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. देवी रोगासारखा हा आजार जगातून पुसता येत नाही, कारण त्याचे बीजाणू माणसावर अवलंबून नाहीत. ते मातीत राहणारच. म्हणून पाचवीला विळा उशाशी ठेवणाऱ्या घरातही गरोदरपणातली धनुर्वाताची (टीडी) लस वेळेवर घेतली पाहिजे, आणि नाळेला दवाखान्यातल्या निर्जंतुक पात्याखेरीज दुसरे कुठलेही पाते लागता कामा नये.